गालेताच्या किनाऱ्यावरचे तेल

मे महिना संपत आला आणि वारा फिरला की आमच्या मालवणच्या वाळूवर डांबराच्या गोळ्या येऊन पडतात. कधी वाटाण्याएवढ्या, कधी लिंबाएवढ्या. माझ्या लहानपणी मागल्या दाराशी रॉकेलची बाटली आणि एक चिंधी कायम असायची. समुद्रावरून आलेल्या पोराने आधी तळवे पुसायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचे. हे डांबर कुठून येते, असे आम्ही कधी विचारले नाही. पावसाळ्याआधी मुंग्यांना पंख फुटतात तसेच हेही, एवढीच आमची समजूत होती. समुद्रात टाक्या धुणाऱ्या जहाजांतून आणि तेलविहिरींच्या परिसरातून निघालेले तेल वाऱ्या-लाटांनी घट्ट होत किनाऱ्याला लागते, हे फार पुढे, बँकेत नोकरी करता करता वाचनाची सवय लागली तेव्हा कळले.

२०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल समुद्रात गेले आणि मुंबई-रायगडच्या कांदळवनांत काळे थर बसले. त्या दिवसांत आमच्याकडे कालवे विकायला येणाऱ्या काकींना मी वर्तमानपत्रातले छायाचित्र दाखवले. कांदळाच्या मुळांवरचा काळा पट्टा त्यांनी नीट पाहिला आणि विचारले, "पयलां थंय किती कालवां होती, ता कोणी मोजल्यान काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, वाणिज्य शाखेची आहे. पण हिशेबात आरंभीची शिल्लक माहीत नसेल तर तोटा किती झाला ते सांगता येत नाही, एवढे मला कळते. काकींचा प्रश्न आरंभीच्या शिल्लकेचा होता. तो डोक्यात ठेवून जे मिळेल ते वाचत गेले आणि शेवटी पोचले ते पनामा देशाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, पुंता गालेता नावाच्या एका भूशिरावर. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळांवर तेलाचा काय परिणाम होतो याची जगातली बहुधा सर्वांत बारकाईची नोंद तिथे झाली आहे. ती का होऊ शकली, हीच या लेखाची गोष्ट.

गालेता हे पनामा कालव्याच्या अटलांटिक तोंडाजवळ, कोलोन शहराच्या ईशान्येला आहे. कालव्यामुळे हा भाग दीर्घकाळ अमेरिकी लष्कराच्या हाताखाली होता. लष्कराच्या एका जुन्या इमारतीत १९६४ पासून स्मिथसोनियन उष्णकटिबंधीय संशोधन संस्थेची माणसे काम करू लागली. इमारतीसमोर उथळ प्रवाळमंच, म्हणजे रीफचा सपाट माथा. त्याच्या पुढे खोल उतरत जाणारी पोवळ्यांची भिंत. मागे खारफुटीचे जंगल. या बाजूला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम हातभर. कालव्याच्या पलीकडे, पॅसिफिक किनाऱ्यावर, तोच फरक कित्येक मीटरचा आहे. गालेताचा मंच पाण्याखाली राहणार की उघडा पडणार हे चंद्रापेक्षा वाऱ्यावर जास्त ठरते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

पहिले तेल आले ते १३ डिसेंबर १९६८ रोजी. 'विटवॉटर' नावाचे तेलवाहू जहाज गालेतापासून काही किलोमीटरवर मोडले आणि सुमारे २०,००० पिंपे डिझेल व जड इंधन तेल समुद्रात गेले. त्यानंतर क्लाउस र्‍यूट्झलर आणि वोल्फगांग स्टेरर या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी किनाऱ्याची पाहणी करून १९७० मध्ये लेख लिहिला. खारफुटीची रोपे मेली होती, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या जीवांची हानी झाली होती. पण कायम पाण्याखाली राहणारी पोवळी त्यांना ठीक दिसली. तेल वर तरंगते, पोवळी खाली राहतात, वरच्या वर तेल निघून जाते; तर्कही सरळ होता.

या दोघांना मी दोष देत नाही. त्यांनी जे पाहिले ते लिहिले, आणि अपघाताआधीच्या नोंदी हाताशी नसताना याहून अधिक कोण काय लिहिणार? पण हे निरीक्षण पुढे नियमासारखे वापरले जाऊ लागले. 'बुडालेल्या पोवळ्यांना तेलाची बाधा होत नाही' हे वाक्य त्यामागची अट गाळून एका अहवालातून दुसऱ्यात गेले. याला पूरक असा एक प्रयोगही होता. १९७२ मध्ये जोहान्स, मारागोस आणि कोल्स यांनी पॅसिफिकमधल्या एनिवेटोक बेटावर हवेत उघड्या पडलेल्या पोवळ्यांवर तेल टाकून पाहिले. तेल ज्या भागाला चिकटून राहिले, तिथला जिवंत थर मेला. म्हणजे उघडी पोवळी मरतात हे सिद्ध झाले. वाचणाऱ्यांनी त्याचा व्यत्यास स्वतःच काढला, की झाकलेली वाचतात.

त्याच दशकात तांबड्या समुद्राच्या टोकाला, इस्रायलमधल्या एलात बंदराशेजारी, वेगळेच काही दिसत होते. तिथे तेलाच्या धक्क्यांजवळ एक संरक्षित प्रवाळक्षेत्र आहे. १९७० च्या सप्टेंबरमध्ये पाणी असाधारण खाली गेले आणि मंचावरची बहुतेक पोवळी उन्हाने मेली. तेलापासून दूरच्या रीफवरही तेच झाले. योसी लोया या शास्त्रज्ञाने दोन्ही जागा आधीपासून मोजल्या होत्या. तीन वर्षांनी पाहिले तर दूरची रीफ नव्या पोवळ्यांनी भरत होती, धक्क्याजवळच्या रीफवर मात्र नवी वस्ती जवळपास नव्हती. त्यांचे विद्यार्थी बारूख रिंकेविच यांनी पुढे दाखवले की तेलाच्या सहवासातल्या पोवळ्यांत अंडाशयांची संख्या घटते आणि पिल्ले वेळेआधीच बाहेर टाकली जातात. यावर एक रास्त आक्षेपही होता: त्याच बंदरात फॉस्फेटची धूळ समुद्रात पडत होती, तेव्हा दोष एकट्या तेलाचा कसा? एक मात्र खरे, की तेलाने पोवळे मारलेच पाहिजे असे नाही. त्याची संतती थांबवली तरी पुरे.

आता १९८६. गालेताच्या शेजारच्या उपसागराचे नाव बाहिया लास मिनास. तिथे एक तेलशुद्धीकरण कारखाना होता. २७ एप्रिल रोजी त्याची एक साठवण टाकी फुटली. आदल्या दिवशी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली होती. त्या आठवड्यात जगाचे लक्ष कुठे होते हे सांगायला नको. टाकीत सुमारे २,४०,००० पिंपे मध्यम जडपणाचे कच्चे तेल होते, बहुतेक व्हेनेझुएलाचे आणि काही मेक्सिकोचे. भोवतीचा बांध त्याला पुरा पडला नाही. निदान ५०,००० पिंपे, म्हणजे ८० लाख लिटर तेल समुद्रात उतरले. पुढच्या अंदाजांनी हा आकडा आणखी वर नेला.

पहिले सहा दिवस किनाऱ्याकडे वाहणाऱ्या वाऱ्याने तेल जवळच्या लहान खाडीत दाबून धरले. तरंगते अडसर टाकून ते अडवलेही होते. मग ४ मे रोजी वादळी पाऊस आला, जमिनीवरचे पाणी लोटले आणि तेल अडसरांवरून बाहेर पडले. विमानातून सुमारे २१,००० लिटर विद्रावक फवारले गेले, पण तोवर तेल जुने आणि घट्ट झाले होते. पुन्हा फिरलेल्या वाऱ्याने ते परत किनाऱ्यावर आणले. मेच्या मध्यापर्यंत कारखान्यापासून १० किलोमीटरच्या परिसरातल्या खाड्या, खारफुटी, प्रवाळमंच आणि वाळू तेलाने माखल्या होत्या. किनाऱ्याच्या वळणावळणांनी मोजले तर ही लांबी ८२ किलोमीटर भरली. खारफुटीत साचलेले तेल निघून जावे म्हणून काही ठिकाणी चर खणले. त्या चरांतून तेल उलट जंगलात आणखी आत गेले.

आणि हे सगळे झाले एका प्रयोगशाळेच्या दारात, जिथे पंधरा-वीस वर्षांच्या वह्या भरलेल्या होत्या. विटवॉटरच्या धड्यानंतर चार्ल्स बर्कलंड आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात या किनाऱ्याची पद्धतशीर पाहणी केली होती. जॉन क्युबिट वर्षानुवर्षे पाण्याची पातळी, वारा आणि मंचावरचे शेवाळ-प्राणी नोंदवत होते. १९८३ च्या जानेवारीत कॅरिबियनमधल्या लांबकाट्यांच्या काळ्या सी-अर्चिनची प्रचंड मर सुरू झाली, ती सर्वांत आधी गालेतालाच लक्षात आली, कारण पाहणारे डोळे तिथे रोज होते. आणि १९८५ मध्ये, टाकी फुटायच्या एकच वर्ष आधी, इथल्या काही रीफवरच्या पोवळ्यांनी किती जागा व्यापली आहे याची पाण्याखाली उतरून मोजणी झाली होती. बहुतेक नोंदींचा तेलाशी संबंध नव्हता. माणसे आपले काम करत होती, एवढेच.

जेरेमी जॅक्सन यांच्यासह डझनभराहून अधिक संशोधकांच्या सहीचा आठ पानी लेख जानेवारी १९८९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्याची झेरॉक्स मला एका प्राध्यापक स्नेह्यांनी मिळवून दिली, तेव्हा शब्दकोश शेजारी ठेवून ती वाचायला मला तीन आठवडे लागले. दोनच महिन्यांनी अलास्कात 'एक्झॉन वाल्डीझ' खडकावर आदळले, त्यातून पनामाच्या काही पटीने तेल सांडले आणि समुद्रपक्ष्यांची तेलाने माखलेली छायाचित्रे घरोघरी पोचली. मेलेल्या पोवळ्याचे छायाचित्र कुणाला हेलावत नाही. ते आधीही दगडासारखे दिसते आणि नंतरही.

त्या लेखाने आणि हेक्टर गुसमान यांच्या १९९१ च्या सविस्तर लेखाने जे मांडले ते असे. सर्वांत जास्त तेल लागलेल्या रीफवर पाण्याखाली अर्धा ते तीन मीटर खोलीवरच्या पोवळ्यांचे आच्छादन १९८५ च्या तुलनेत ७६ टक्क्यांनी घटले. त्याखाली, सहा मीटरपर्यंत, ५६ टक्क्यांनी. ज्या रीफना तेल लागले नव्हते तिथे आच्छादन वाढले होते किंवा किंचित घटले होते. सांबराच्या शिंगांसारखे रुंद फाटे फुटणारे अ‍ॅक्रोपोरा पाल्माटा हे पोवळे तेलाच्या रीफवरून जवळजवळ नाहीसे झाले. तेलाविना असलेल्या रीफवर ते त्याच काळात ३८ टक्क्यांनी वाढले. गोल, धोंड्यासारखी पोवळी मेली नाहीत, पण त्यांच्या अंगावर ताज्या जखमा होत्या, आणि जितके तेल जास्त तितक्या जखमा जास्त. झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वलये असतात तसे पोवळ्यातही पट्टे असतात. ते कापून मोजले तेव्हा, तेल लागलेल्या रीफवर तीन जातींची १९८६ ची वाढ मागच्या नऊ वर्षांच्या सरासरीपेक्षा कमी निघाली.

ही सगळी पोवळी पाण्याखाली होती. बुडालेली. वीस वर्षांचा नियम त्या ७६ या आकड्याने मोडला, आणि तो आकडा १९८५ च्या मोजणीवाचून अस्तित्वातच आला नसता. तेलानंतर पोचलेल्या पाहुण्याला तिथे एक विरळ रीफ दिसली असती. कालवा, कोलोन शहर, कारखान्यासाठी घातलेला भराव यांनी आधीच खंगलेली. 'ही पूर्वीपासून अशीच असेल' असे त्याने प्रामाणिकपणे लिहिले असते.

मग तेल खाली पोचले कसे? वर तरंगणारा थर हे तेलाचे एकच रूप. त्यातले बेंझीन, टोल्युइन, नॅफ्थॅलीनसारखे हलके घटक थोडे पाण्यात विरघळतात आणि तेच अधिक विषारी. लाटा फुटतात तिथे तेलाचे बारीक थेंब होऊन खोलवर ढकलले जातात. आणि गाळाच्या कणांना तेल चिकटले की ते बुडते. पोवळे अंगावर पडलेला गाळ चिकट स्रावाने गुंडाळून झटकते. तेलकट गाळ झटकण्यात त्याची शक्ती जाते, आणि गढूळ पाण्यात त्याच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला ऊनही कमी मिळते, म्हणजे शक्तीची आवकही घटते.

हा गाळ आला खारफुटीतून. आपल्याकडचे वाचक कांदळाची कमानदार मुळे ओळखतात. पनामाचे तांबडे कांदळ त्याच कुळातले. तेलाने श्वसनछिद्रे बुजली आणि सुमारे २७ किलोमीटर किनाऱ्यालगत मेलेल्या झाडांचा पट्टा तयार झाला. झाडे मेली तरी मुळे काही काळ उभी राहिली. मग ती कुजली, मोडली, आणि त्यांनी धरून ठेवलेला चिखल सुटला. त्या चिखलात तेल होते. १९८६ चे तेल १९८८ मध्ये, १९९० मध्ये पावसाबरोबर ताज्या तवंगासारखे पुन्हा पाण्यावर येत राहिले, आणि शेजारच्या रीफवर तेलकट गाळ बसत राहिला. कॅथरिन बर्न्स या रसायनतज्ज्ञ बाईंनी चिखलाचे नमुने वर्षानुवर्षे तपासून १९९३ मध्ये निष्कर्ष काढला की अशा चिखलातले विष वीस वर्षे किंवा त्याहून जास्त टिकू शकते. प्रवाळ आणि कांदळ ही दोन वेगळी प्रकरणे समजून लिहिलेले लेख मी आधी वाचले होते. गालेतात ते एकच प्रकरण निघाले.

गुसमान आणि होल्स्ट यांनी अपघातानंतर तीन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर सायडरास्ट्रिया सायडेरिया या गोल पोवळ्याची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. संख्येत फरक नव्हता, पण तेलाच्या रीफवर ती आकाराने लहान होती. बाहेरून पाहिले तर ते पोवळे बरे झालेले होते. एलातचा जुना वाद इथे थोडा तरी सुटला असे मला वाटते, कारण फॉस्फेटची धूळ इथे नव्हती. तेलकट गाळ होता.

विद्रावकाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण तेल सांडले की 'फवारा' हा पहिला आदेश असतो. १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर 'टोरी कॅनियन' फुटल्यावर सुमारे १०,००० टन विद्रावक ओतले गेले. त्याने खडकांवरची शंखवर्गीय जनावरे तेलापेक्षा जास्त मारली आणि तिथले खडक पूर्ववत व्हायला दहा-पंधरा वर्षे लागली. फवारा न मारलेल्या जागा दोन-तीन वर्षांतच सावरल्या. नंतरची विद्रावके कमी विषारी होती. पनामातच, बाहिया अल्मिरांतेमध्ये, १९८४ साली एक मुद्दाम केलेला प्रयोग झाला: एका जागेत नुसते तेल सोडले, दुसरीत विद्रावक मिसळलेले. नुसत्या तेलाने खारफुटी मेली, पोवळी बरीचशी वाचली. विद्रावक मिसळलेल्या तेलाने खारफुटी वाचली, पोवळ्यांना फटका बसला. मात्र दहा वर्षांनी ती पोवळी सावरलेली होती. म्हणजे निवड आहे, आणि ती तेल सांडायच्या आधी करून ठेवायची असते. त्या प्रयोगाने 'पोवळी मरू द्या, कांदळ वाचवा' असे सुचवल्यासारखे वाटते, आणि गालेताच्या गाळाची हकिकत वाचल्यावर मलाही काहीसे तसेच वाटू लागले आहे. पण कच्छच्या आखातात वाडिनारच्या तेलधक्क्यांशेजारी प्रवाळांचे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे हा प्रश्न आला तर मी इतक्या सहज बोलू शकणार नाही.

सगळेच मेले असे नाही, हेही नोंदवले पाहिजे. पाणी खाली असताना तेल प्रवाळमंचाच्या समुद्राकडच्या कडेला साचले. तिथले सी-अर्चिन, मृदू प्रवाळ आणि शेवाळ मेले. शेवाळ लवकर परतले, इतके की काही काळ पूर्वीपेक्षा दाट. कायम पाण्याखालचे समुद्रगवत टिकले, उथळातले गेले. खाड्यांतल्या कांदळमुळांवरची कालवे मात्र पाच वर्षांच्या अभ्यासाअखेरीसही पूर्ववत झाली नव्हती, कारण बसायला मुळेच उरली नव्हती. कारखान्याच्या वतीने हजारो रोपे लावण्यात आली. नॉर्मन ड्यूक यांनी पुढे तपासले, तर लावलेल्या जागा आपोआप रुजलेल्या जागांपेक्षा बऱ्या होत्या असे दिसले नाही.

याच ड्यूक यांनी आणखी एक काम केले. गालेताच्या परिसराची जुनी हवाई छायाचित्रे मिळवून त्यांनी १९६८ च्या आधीचे आणि नंतरचे जंगल एकमेकांशेजारी ठेवले. नंतरच्या चित्रांत किनाऱ्यालगत उघडे पडलेले तुकडे होते. विटवॉटरच्या तेलाने नुसती रोपेच नव्हे, अनेक हेक्टर उभे जंगल मारले होते. पाहणी करणारे गेले तेव्हा ती झाडे बहुधा अजून मरायची होती. नंतर तिथे दुसरी झाडे वाढली आणि १९८६ मध्ये ज्यांनी त्या जंगलाला 'अपघातापूर्वीचे जंगल' म्हटले, त्यांना ते अठरा वर्षांपूर्वी एकदा मेले होते हे ठाऊक नव्हते.

गेल्या मेमध्ये काकी आल्या तेव्हा मी त्यांना हे सगळे सांगितले. पनामा, टाकी, वह्या, मोजणी. कालव्यांच्या टोपलीवर हात ठेवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"मगे तेंची कालवां परत इली?"

"पाच वर्षांत तरी नाही."

"आणि मगे?"

मोजणी पाच वर्षांनी थांबली होती, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी टोपली डोक्यावर घेतली. पायरीवर डांबराचा एक ताजा डाग पडला होता, तो त्यांनी दाखवला आणि रॉकेल आहे का विचारले.